धुऱ्यावरची रानफुलं, भाग ६ : तरवड

हिंगोलीकडून कळमनुरीमार्गे येणारा रस्ता आणि नागपूरकडून उमरखेड, हदगाव करत येणारा रस्ता वारंगा फाट्यावर एकत्र येतात आणि अर्धापूर, नांदेडकडे निघतात. दोन्ही बाजूंना हळद, सोयाबीन, केळी आणि तूर. हळद बेण्यावर येते. फुलली तरी बी धरत नाही. केळीचंही तेच. सोयाबीन स्वतःच्या परागावर भागवतं. त्यामुळे फुलावर कोण येतं, कोण जातं, हे पाहायची सवय इकडे फारशी लागलेली नाही.

तुरीचं मात्र वेगळं आहे. तीही बऱ्याच शेंगा स्वतःच्या परागावर धरते, पण एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेणारे किडे तिच्याकडे मोठ्या संख्येने येतात. नांदेड, देगलूरवरून हाच रस्ता पुढे संगारेड्डीला जातो, आणि तिथून जवळच पाटणचेरूला १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी तुरीचे संकरित वाण तयार केले ते या किड्यांच्याच भरवशावर. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये नर ओळीतले पराग मादी ओळीवर नेतात त्या रानातल्या माश्याच.

यातला काळा, मोठा, घुमत येणारा भुंगा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्याबरोबर पानांचे गोल तुकडे कापून घर करणाऱ्या एकांड्या माश्या असतात. यांना इकडे कोणी पेटीत पाळत नाही. तूर फुलायच्या आधी त्यांना आसपास खायला काही हवं, आणि राहायला जागा हवी. माझ्या मते या भागात त्यासाठी तरवडाइतकं सोयीचं झाड दुसरं नाही.

तरवड इथलाच. माळावर, मुरमाड उतारावर, रस्त्याकडेला कमरेइतकं किंवा डोक्याइतकं झुडूप, पिवळीधमक फुलं आणि देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखं छोटं पान. टाकळ्याशी गल्लत करू नका. तो पावसाळ्यापुरता, हा वर्षानुवर्षं टिकतो. साल कातडी कमावायला वापरत. सीमेपलीकडे तेलंगणात हाच तंगेडू, तिथलं राज्यफूल. तिथल्या सणात फुलांचा थरांचा मनोरा, म्हणजे बतुकम्मा, रचताना तो लागतोच.

या फुलात मध नसतो, असतात फक्त पराग, आणि तेही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रांआड बंद. भुंगा फुलाला घट्ट धरतो आणि पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवतो. तेवढ्या हादऱ्याने पराग बाहेर उडतात. मधल्या आखूड पुंकेसरांतले पराग तो खायला गोळा करतो आणि खालच्या लांब पुंकेसरांतले त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलावर जातात. पेटीतल्या मधमाशीला हे थरथरणं जमत नाही. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातही पराग असेच बंद असतात, म्हणून परसात वांगी लावणाऱ्यानेही भुंग्याला हुसकावू नये.

लावायचा तर हिवाळ्यात वाळलेल्या चपट्या, कागदासारख्या शेंगा गोळा करा. बी टणक असतं. गरम पाणी ओतून रात्रभर भिजवा आणि पहिल्या दमदार पावसानंतर धुऱ्यावर थेट टोका. रोप करून हलवण्यापेक्षा हेच बरं, कारण सोटमूळ लवकर खोल जातं. काळ्या रानात पाणी साचतं ती जागा टाळा. मुरूम, दगड, उताराची कड निवडा. पहिल्या वर्षी तणाकडे लक्ष ठेवा. पुढे पाणी नको, खत नको, आणि गुरंशेळ्याही त्याला फारसं तोंड लावत नाहीत. धुऱ्याच्या आत फांद्या आल्या तर कापा, पुन्हा फुटतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर राहू द्या. त्या माळावरच्या पांढरट फुलपाखरांच्या आहेत, तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या नव्हेत.

तरवडाजवळ एखादा वाळका ओंडका किंवा बांबू पडू द्या, भुंगा त्यातच पोखरून अंडी घालतो. धुरा पेटवू नका. आणि तूर फुलात असताना फवारणी टळतच नसेल, तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा.