दरी दिसली, माणूस कधी दिसणार?

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन ही अफाट दरी धुरकट का दिसे? कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायूपासून हवेत सूक्ष्म कण तयार होतात. ते प्रकाश विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर पुसट होतात. वणवे आणि मोटारीही त्यात भर घालतात. १९७७ साली तेथे राष्ट्रीय उद्याने व अरण्यांवरील धुरके हटविण्याचा कायदा झाला. दरीजवळच्या नावाहो वीजकेंद्रात १९९९ पर्यंत धूर धुणारी यंत्रे बसली. २०१९ मध्ये, कोळसा परवडेना म्हणून, केंद्रच बंद पडले.

हे केंद्र नावाहो आदिवासींच्या भूमीवर होते. तरी त्यांच्या हजारो घरांत वीज नव्हती. केंद्र बंद होताच शेकडो नावाहो कामगारांचे तेथील कामही सुटले.

स्वच्छ हवा हवीच. पण डोंगरासाठीची तळमळ कष्टकऱ्यांच्या वाट्याला का येत नाही, असे आम्ही विचारतो.