धावपटूचं मोठं हृदय

१९११ साली बॉस्टन मॅरेथॉन सुरू होण्याआधी डॉक्टरांनी क्लॅरेन्स डीमारला तपासलं. हृदयाच्या ठोक्यांबरोबर मर्मर ऐकू येत होती. दमलास तर थांब, आणि यापुढे पळणंच सोड, असं त्यांनी बजावलं. डीमारने ती शर्यत जिंकली. मधली काही वर्षं तो स्पर्धांपासून लांब राहिला, पण १९२२ ते १९३० या काळात त्याने बॉस्टन आणखी सहा वेळा मारली. शेवटच्या वेळी वय ४१ होतं.

१९५८ मध्ये तो गेला तो कॅन्सरने. शवविच्छेदनात त्याचं हृदय तपासणाऱ्यांत अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नेहमीपेक्षा दोन-तीन पट रुंद निघाल्या. त्यांत चरबीचे थर होतेच, पण वाट इतकी ऐसपैस की रक्ताला अडथळा नव्हता.

‘हृदय मोठं झालंय’ हे वाक्य आपल्याकडे वाईट बातमी म्हणूनच ऐकलं जातं. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की हृदयाची भिंत जाड आणि ताठर होते, तेव्हा ती भीती रास्तच. धावणं, सायकलिंग, पोहणं यांनी होणारी वाढ मात्र वेगळी. डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणारा कप्पा, आतून ऐसपैस होतो, भिंत थोडीच जाड होते आणि लवचीक राहते. स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून ही वाढ ओळखली होती. एक्स-रे, सोनोग्राफी काही हाताशी नसताना!

कप्पा मोठा, म्हणून एका ठोक्यात रक्तही जास्त. विश्रांतीच्या वेळी शरीराला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुरतं. ते भागवायला सामान्य माणसाला सत्तरेक ठोके लागतात, मुरलेल्या धावपटूचं पन्नासात भागतं. त्याची मंद नाडी बहुधा आजार नसते. चक्कर किंवा भोवळ येत असेल तर गोष्ट वेगळी.

आयुष्याचे ठोके मोजून मिळतात, पळून ते कशाला उधळायचे, असं म्हणणारेही भेटतात. हिशेबच करू. सत्तरच्या नाडीने दिवसाचे १,००,८०० ठोके होतात. पन्नासच्या नाडीचा माणूस तासभर दीडशेच्या गतीने पळाला, तरी त्याचे ७८,०००!

दुसऱ्या टोकाचा गैरसमज जास्त घातक. १९७०च्या दशकात थॉमस बॅसलर या डॉक्टरने मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला हृदयविकाराचा झटका येत नाही असा दावा केला, आणि तो अनेकांना गोडही वाटला. १९८४ मध्ये धावण्यावरच्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक जिम फिक्स पळतानाच गेला, वयाच्या ५२व्या वर्षी. त्याच्या धमन्या तुंबलेल्या होत्या. वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते, आणि पळू लागण्याआधी फिक्स स्वतः भरपूर सिगारेटी ओढायचा. पळण्याने हृदयाचा स्नायू कमावला जातो. वारसा आणि जुनी व्यसनं पुसली जात नाहीत.

म्हणून मॅरेथॉन जीवघेणी ठरते का? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे एक कोटी नऊ लाख सहभागींचा अभ्यास झाला. हृदय बंद पडण्याच्या घटना ५९, म्हणजे साधारण १ लाख ८४ हजारांत एक. अशी एखादी घटना मुंबईत घडली की पहिल्या पानावर येते, सुखरूप घरी पोचलेल्यांची बातमी होत नाही.

अतिरेकाची किंमत मात्र खरी आहे. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत स्की शर्यतीतल्या बावन्न हजारांहून अधिक स्पर्धकांची माहिती तपासली, तेव्हा पाच किंवा जास्त वेळा शर्यत पुरी करणाऱ्यांत ठोक्यांची लय बिघडण्याचं प्रमाण एकदाच उतरलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त दिसलं. यातला मुख्य बिघाड एट्रियल फिब्रिलेशनचा: वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरतात. अर्थात हे आकडे वर्षानुवर्षं शर्यतींसाठी घाम गाळणाऱ्यांचे. रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारणाऱ्याने ते सबब म्हणून वापरू नयेत.

सराव सुटला की हृदय पूर्ववत होतं, हेही अर्धंच खरं. इटलीत अव्वल दर्जाच्या ४० खेळाडूंना निवृत्तीनंतर सरासरी साडेपाच वर्षांनी पुन्हा तपासलं. भिंतीची जाडी सगळ्यांची कमी झाली होती. पण सुमारे पाचातल्या एकाचा कप्पा अजूनही ठळकपणे मोठाच होता.