तेलाची वाटी कुठे फिरवावी, कुठे थांबवावी?

आमच्या वस्तीत गेल्या हिवाळ्यात सव्वा महिन्याचे एक बाळ आठ दिवस इस्पितळात होते. मालीश करणाऱ्या बाई रोज अंघोळीआधी त्याच्या नाकपुड्यांत खोबरेल तेलाचे थेंब सोडीत, कानातही घालीत. नाकातले तेल फुफ्फुसात उतरले. बाळाला धाप लागली, दूध ओढेना. डॉक्टरांनी विचारले तेव्हा आजी म्हणाली, "आमच्यात सगळ्याच लेकरांना असं घालतात." बाळ सुखरूप घरी आले; पण बापाची आठ दिवसांची रोजी बुडाली आणि उसनवारी झाली ती निराळीच. तेव्हापासून महिला मंडळाच्या भगिनी आमच्या मागे लागल्या की, यावर लिहा. आम्ही डॉक्टर नाही, कारकून आहोत. परंतु विचारून, वाचून जे समजले ते मांडतो.

तेल वाईट नाही. आपल्या कातडीच्या वरच्या थरात निसर्गतःच थोडा स्निग्धपणा असतो. साबण, सोडा, थंड वारा यांनी तो धुऊन निघतो, आतले पाणी उडून जाते आणि कातडी तडकते. तेल स्वतः ओलावा देत नाही, ते झाकण घालते. म्हणून कोरड्या ठणठणीत अंगावर चोळण्यापेक्षा अंघोळीनंतर अंग टिपून, किंचित ओलसर असतानाच थोडे तेल लावावे.

कोणते तेल? पुष्कळ घरांतून आता ऑलिव्हची महागडी बाटली येऊ लागली आहे. 2013 साली इंग्लंडमध्ये प्रौढ माणसांच्या हातावर प्रयोग झाला. त्यात ऑलिव्ह तेलाने कातडीचे संरक्षक आवरण कमजोर झाले, साध्या सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकून राहिले! ढाक्याच्या इस्पितळात दिवस न भरता जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा त्यांना होणारा जंतुसंसर्ग 41 टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. अर्थात ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. अशक्त बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे. धडधाकट बाळाला आपले खोबरेल पुरे. मोहरीचे तेल नाजूक कातडीला झोंबते. कडुनिंबाचे तेल तर लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये, पोटात गेल्यास विषबाधा होते.

दुकानातल्या 'बेबी ऑइल'च्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा. तिथे 'लिक्विड पॅराफिन' लिहिले असेल तर ते खनिज तेल आहे, झाडाचे नव्हे. ते वाईटच असते असे नाही, पण आपण कशाचे पैसे मोजतो ते कळले पाहिजे. (हिशेबाच्या सवयीने एक सांगतो. खोबरेल हे खाद्यतेल की केसांचे तेल, हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने छोट्या बाटलीतले शुद्ध खोबरेलही खाद्यतेल धरता येते असे ठरवले. खाद्यतेलावर 5 टक्के आणि केसांच्या तेलावर 18 टक्के, असा तेव्हा फरक होता. सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर 5 टक्केच आहे.) भाव पाहताना बाटलीचा नको, शंभर मिलीलिटरचा काढावा.

आता ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही त्या हातांविषयी. धुणीभांडी करणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या भगिनींचे हात हिवाळ्यात फाटतात, बांधकामावर सिमेंटने बोटे सोलतात. कामावरून आल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, टिपून, लगेच खोबरेल चोळावे. रात्री झोपताना पुन्हा. टाचांना भेगा असतील तर पाय पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून, हलकेच घासून, मग तेल. संवेदना गेलेल्या कुष्ठरुग्णांना हातापायांसाठी हीच पद्धत शिकवतात. पाणी मात्र गरम नको, बधिर पायाला पोळलेले कळत नाही. साखरेचा आजार असेल तर पाय भिजत ठेवू नयेत; धुऊन कोरडे करावेत, तेल लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत नको, तिथे ओल राहून बुरशी धरते. जखम, पू, लालसर सूज दिसली तर तेल बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

बाळाला हलक्या हाताने, दूध पाजल्यानंतर थोड्या वेळाने मालीश करावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. उन्हाळ्यात घामोळे उठले असेल तर तेल बंद. नाक, कान, डोळे, बेंबी या जागी तेल घालायचेच नाही.

आणि पीठ-हळद-तेल चोळून लेक गोरी होते, हे सांगणाऱ्यांना सरळ विचारावे, कुणाची झाली? रंग आईबापांकडून येतो, वाटीतून येत नाही. या चोळण्यात लेकराची कातडी सोलते आणि सावळी मुलगी म्हणजे काहीतरी उणे, हे तिच्या आईच्या मनात पहिल्या महिन्यातच ठसते. आमच्या दोन्ही मुली सावळ्या आहेत. मोठीच्या वेळी आमच्याही घरात हा उद्योग महिनाभर चालला होता, हे कबूल केले पाहिजे.

त्या बाळाच्या घरी मालीश करणाऱ्या बाई अजूनही येतात. आजी शेजारी पाट टाकून बसते आणि बाईंचा हात नाकाकडे वळला की म्हणते, "तिथं नको गं बाई."