लॅपटॉपचे अंतरंग : प्रोसेसर कोठे असतो, तेथपर्यंत कसे पोहोचावे?

भदंत नागसेनांनी राजा मिलिंदाला विचारले होते, रथ म्हणजे नेमके काय? आस, चाके की जू? यांपैकी एकही भाग म्हणजे रथ नव्हे. सर्वांच्या जुळणीला आपण ते नाव देतो. लॅपटॉपकडेही अशाच विश्लेषक दृष्टीने पाहता आले पाहिजे. आपल्या मुलांच्या हाती येणारा पहिला लॅपटॉप पुष्कळदा कुणीतरी वापरलेला असतो. तो मंदावला की ‘प्रोसेसर बदलावा लागेल’ असे ऐकावयास मिळते आणि पालकांनी काटकसरीने साठवलेली रक्कम पणाला लागते. हे म्हणणे केव्हा खरे असते, हे जाणण्यासाठी प्रोसेसर कोठे व कसा बसवलेला असतो, हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

प्रोसेसर म्हणजे संगणकाला मिळालेल्या आज्ञा अमलात आणणारी सिलिकॉनची चिप. १९७१ साली आलेल्या इंटेलच्या ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज नखाएवढ्या जागेत ते अब्जावधी असतात.

लॅपटॉप उघडण्यापूर्वी प्रोसेसरचे नाव पाहावे. विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘सिस्टीम’ आणि शेवटी ‘अबाउट’ येथे ते दिसते. नावातील शेवटचे अक्षर महत्त्वाचे असते. इंटेलच्या चौथ्या पिढीतील ‘आय-५ ४२००एम’ हा प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतो, म्हणून तो काढता येतो; ‘आय-५ ४२००यू’ मात्र मदरबोर्डवर कायमचा डाखलेला असतो. पाचव्या पिढीपासून इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर डाखलेल्या स्वरूपातच येऊ लागले. तसा प्रोसेसर काढण्यासाठी विशेष यंत्र लागते. व्यवहारात बहुधा संपूर्ण मदरबोर्डच बदलावा लागतो. सॉकेट असले तरी तेथे कोणताही प्रोसेसर चालत नाही. तो त्या मदरबोर्डला आणि त्याच्या बायोसला मान्य असावा लागतो.

आता प्रत्यक्ष उघडण्याविषयी. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. सुटी होणारी बॅटरी असल्यास तीही काढावी. तळ फुगलेला दिसल्यास बॅटरी फुगल्याची शक्यता असते. तेव्हा स्वतः उघडण्याच्या फंदात पडू नये. तळाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. झाकणाच्या कडा प्लास्टिकच्या पातळ कार्डाने हळूहळू सोडवाव्यात. अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या धातूला हात लावावा आणि आत बॅटरी असल्यास सर्वप्रथम तिची जोडणी काढावी.

प्रोसेसर थेट दिसत नाही. आधी पंखा शोधावा. त्याच्याजवळून तांब्याची चपटी नळी निघते. ती ज्या धातूच्या पट्टीपाशी जाते, तिच्याखाली प्रोसेसर असतो. नळीच्या वाटेत दुसरीही पट्टी असेल, तर तिच्याखाली बहुधा स्वतंत्र ग्राफिक्स चिप असते. या नळीत किंचित द्रव असतो. प्रोसेसरच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती पंख्याकडील टोकाला थंड होऊन पुन्हा द्रव बनते आणि परतते.

पट्टीचे स्क्रू त्यांवरील क्रमांकानुसार, एकेक थोडा-थोडा सैल करत काढावेत आणि पंख्याची वायर सोडवावी. पट्टी उचलली की वाळलेल्या करड्या लेपाखाली आरशासारखी चकाकणारी चिप दिसते. तिच्यावर संरक्षक आवरण नसते, म्हणून तिच्यावर दाब देऊ नये वा ती खरवडू नये. सॉकेट असल्यास त्याच्या कडेला एक स्क्रू दिसतो. तो चपट्या पेचकसाने अर्धा वळसा फिरवला की प्रोसेसर सुटतो. त्याच्या खालच्या बाजूच्या नाजूक पिना वाकणार नाहीत अशा बेताने तो सरळ वर उचलावा.

तथापि, येथवर पोहोचण्याचा खरा लाभ बहुतेक वेळा निराळाच असतो. जाळीत धूळ साचली आणि लेप वाळला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. तेव्हा दोष प्रोसेसरचा नसून साचलेल्या उष्णतेचा असतो. धूळ झाडावी, जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावून पट्टी पुन्हा बसवावी. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जाणवणारा फरक प्रोसेसर बदलण्याहून पुष्कळदा मोठा असतो.

म्हणून जुना लॅपटॉप विकत घेताना पैसे देण्यापूर्वीच प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे. पुढे तो बदलता येईल, या भरवशावर राहू नये. दुरुस्तीच्या वेळी ‘प्रोसेसर बदलतो’ असे कुणी म्हणाल्यास ‘सॉकेट आहे की डाखलेला?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. घरात एखादा निकामी लॅपटॉप पडून असेल, तर बॅटरी काढून घेऊन तो मुलांसमोर उघडावा. ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि स्वतः पाहा, हा धम्माचा गुण आपण वंदनेत नित्य उच्चारतो. यंत्राच्या बाबतीतही तीच दृष्टी मुलांना लाभावी.