एक औषध की तीन?

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे एकजुटीवर आमचा भारी विश्वास. एका औषधाला न जुमानणारा रोग तिघांपुढे नमेल, असे आम्हांलाही प्रथम वाटले होते. पण औषधे एकत्र आली की गुणांबरोबर उपद्रवांचीही बेरीज होते. म्हणून ती पारखून घ्यावी लागतात.

अशी एक पारख आपल्या मुंबईतच, गिरणगावातल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या काही रोग्यांत ईजीएफआर नावाचे प्रथिन बिघडलेले असते आणि पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम अखंड सोडीत असते. जेफिटिनिबची रोजची गोळी तो हुकूम अडविते. परंतु काही महिन्यांनी पेशी दुसरी वाट काढतात. तेव्हा डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष व त्यांचे सहकारी यांनी २०१६ ते २०१८ या काळात रोग पसरलेले ३५० रोगी घेतले. निम्म्यांना नुसती गोळी दिली; उरलेल्यांना गोळीबरोबर पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही शिरेतून द्यावयाची औषधे.

कोणाला काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. हे ऐकून पुष्कळांना राग येतो. आम्हांलाही आला होता. पण डॉक्टरांनी निवड केली असती तर धडधाकट रोग्यांना जड औषध गेले असते आणि यश औषधाचे की प्रकृतीचे, हे कळलेच नसते. चांगले माग एका पाळीला, मोडके दुसरीला देऊन कामगारांची तुलना करणारे मुकादम आम्ही पाहिले आहेत!

निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर निम्म्या रोग्यांचा रोग ८ महिन्यांच्या आत पुन्हा बळावला किंवा ते दगावले. जोड-उपचारात हाच काळ १६ महिन्यांचा निघाला. मृत्यूचे प्रमाणही घटले. दुसरी बाजूही तितकीच खरी. गंभीर उपद्रव पहिल्या गटात शेकडा २५ जणांना, दुसऱ्यात ५१ जणांना झाले. रोग समूळ गेला, असे कोणी म्हटलेले नाही.

दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी यावयाचे म्हणजे रोग्याचा आणि सोबत्याचा, दोघांचाही रोज बुडतो. गोळी घरी घेता येते. ८ आणि १६ या आकड्यांत हा खर्च धरलेला नाही. घरच्यांनी डॉक्टरांसमोर तोही मांडावा.