सुशी : मुठीतला भात आणि कारागिराची मजुरी

श्रावणी सोमवारी आपल्या कपर्दिकेश्वराच्या देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. दर्शन घेताना आपण देवाला हात जोडतो आणि मनात रचणाऱ्याच्या हाताचेही कौतुक करतो. आज ज्या जपानी पदार्थाविषयी सांगावयाचे आहे, त्यातही मुख्य गोष्टी दोनच आहेत : तांदूळ आणि हात.

चाकणकडील कारखान्यांतील काही तरुण कामगार मला एकदा पुण्यातील एका लहानशा सुशीच्या उपाहारगृहात घेऊन गेले. तेथे काकडीची सुशी होती, पनीरची होती, आंबा आणि हिरवी मिरची घातलेलीही होती. एकाने विचारले, "अण्णा, ही खरी सुशी म्हणावयाची का? की आपल्याला फसवण्याचा उद्योग?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सुशीच्या इतिहासात आहे.

सुशी म्हणजे कच्ची मासळी, हा समज चुकीचा आहे. या नावाचा संबंध आंबटपणाशी आहे. पूर्वी मासळी टिकवण्यासाठी ती मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवीत. भात आंबे, मासळी टिके; खाताना भात टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी या तऱ्हेची सुशी आजही करतात. पुढे भातालाच शिरका, साखर व मीठ लावू लागले आणि महिन्यांची प्रतीक्षा संपली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मजूर-कारागिरांची मोठी वस्ती होती. त्यांना उभ्या उभ्या, हाताने, झटपट खाता येईल असे काही हवे होते. भाताचा मुटका मुठीत दाबून त्यावर मासळीचा तुकडा ठेवावयाचा, ही 'निगिरी' सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचे श्रेय देतात. तो मुटका आजच्याहून बराच मोठा असे. वडापाव आपल्याकडे ज्या गरजेतून आला, त्याच गरजेतून ही सुशी आली. यासाठी तांदूळ चिकट लागतो. आपल्या पश्चिम पट्ट्यातला इंद्रायणी ज्याने खाल्ला आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी हकीकत सांगतो. महायुद्धानंतर जपानात अन्नाची भयंकर टंचाई होती. 1947 साली सरकारने खाण्याची दुकाने बंद करण्याचा हुकूम काढला. टोकियोतील सुशीवाल्यांनी एकजुटीने सरकारपुढे म्हणणे मांडले, की आम्ही अन्न विकत नाही. गिऱ्हाईक तांदूळ आणील, आम्ही त्याची सुशी करून देऊ आणि केवळ घडणावळ घेऊ. सरकारला ते मान्य करावे लागले. सुमारे दीडशे ग्रॅम तांदूळ द्यावयाचा आणि दहा नग न्यावयाचे, असा प्रघात पडला. आपण गिरणीत दळण नेतो आणि दळणावळ देतो, तसाच हा व्यवहार. धंदा वाचला तो संघटनेमुळे. आणि गिऱ्हाईक पैसे देतो ते कारागिराच्या श्रमाचे, हे सरकारदरबारी नोंदले गेले.

पुढे 1958 साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरील सुशीचे दुकान काढले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. माणसे कमी लागू लागली, सुशी स्वस्त झाली, सामान्य कुटुंबे टेबलाशी येऊन बसली. अशा बहुतेक दुकानांत बशीच्या रंगावरून किंमत ठरते. आपल्याच जुन्नर-आंबेगाव मुलखातले डबेवाले मुंबईत रंगांच्या खुणांवरून डबे पोहोचवीत आले आहेत, तेव्हा ही युक्ती आपल्याला नवी नाही. 1981 साली भाताचे मुटके वळणारे यंत्रही निघाले.

नवनवे प्रकारही असेच निघत गेले. अमेरिकेत टूना माशाच्या चरबीयुक्त तुकड्याऐवजी अॅव्होकॅडो हे फळ घालण्याची तोड निघाली. ज्या सामन माशाची सुशी आज जगभर खातात, तो जपानी लोक पूर्वी कच्चा खात नसत. 1980 नंतर नॉर्वेने आपल्या माशांना बाजारपेठ मिळावी म्हणून खटपट करून ती चाल पाडली. तेव्हा पुण्यात कोणी आंबा-मिरची घातली, तर त्यात फसवणूक नाही. जिथे जे मिळेल ते भातावर ठेवणे, हाच या पदार्थाचा धर्म आहे.

मग फसवणूक कोठे होऊ शकते? ती मजुरीत. त्या दिवशी समोर मुटके वळणारा मुलगा मणिपूरचा होता. हे काम तो पुण्यातच शिकला होता. बोटे ओली करून भात उचलावयाचा, पण दाणा चेचू द्यावयाचा नाही. हे जमावयास त्याला कित्येक महिने लागले. खाणे संपल्यावर मी त्याला सवयीने विचारले, "किती तास उभे राहावे लागते?" तो हसला आणि म्हणाला, "सकाळी अकरापासून, काका. रात्री बंद होईपर्यंत."

माझ्या तरुण मित्राला त्याच्या प्रश्नाचे हेच उत्तर मी दिले. सुशी खरी की खोटी, हे तिच्यावर ठेवलेल्या आंब्यावरून ठरवू नये. अशा ठिकाणी जाण्यास संकोच मानू नये. हे मूळचे कष्टकऱ्यांचेच खाणे आहे. मात्र बिल चुकते करताना त्यातली घडणावळ घडवणाऱ्यापर्यंत पोहोचते का, एवढे विचारून यावे. टोकियोच्या सुशीवाल्यांनी 1947 साली तोच हिशेब मांडला होता.