वनौषधींचे रान आणि अनुदानाची स्पर्धा : वऱ्हाडातील वैद्यांचे कर्तव्य

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आहेत, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. आपल्या परिसंवादांतून पहिल्या पादाची चर्चा भरपूर होते आणि चौथा पाद तर रोज आपल्या समोरच बसलेला असतो. द्रव्यपादाचे स्मरण मात्र बहुधा चूर्ण अपेक्षित गुण देईनासे झाले म्हणजेच होते. पांढऱ्या मुसळीच्या नावाने सोललेली शतावरी बाजारात येते, तेव्हा आपण व्यापाऱ्यास दोष देतो. परंतु ज्या रानातून मुसळी यायची त्या रानाचे काय झाले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. रान पुन्हा उभे करण्यासाठी पैसा कसा मिळतो, कोणास मिळतो आणि त्यात वैद्याचे स्थान कोणते, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

मागणीचे आकडे प्रथम पाहू. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात ११७८ वनस्पतींचा औषधी व्यापार चालतो. त्यांपैकी २४२ वनस्पती अशा आहेत की, प्रत्येकीची वार्षिक उलाढाल १०० टनांहून अधिक आहे. २०१४-१५ या वर्षाची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. यातील फार मोठा भाग आजही लागवडीतून येत नाही. तो रानातून किंवा पडीक जमिनीवरून गोळा केला जातो.

आपले रान म्हणजे मेळघाट. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके आणि अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्याचा नरनाळ्याकडील डोंगराळ भाग मिळून सातपुड्याचा हा पट्टा होतो. आवळा, बेहडा, बिब्बा, सालई, चारोळी, कुडा, बिजा, मुसळी ही येथील नावे आपल्या निघंटूंतून थेट उचलल्यासारखी वाटतात. त्यांच्या ऱ्हासाची कारणेही गूढ नाहीत. आवळा उतरविण्याऐवजी फांदीच तोडली जाते. दुसरा आधी नेईल या भीतीने चारोळी कच्चीच काढली जाते, त्यामुळे रुजण्यास बीज उरत नाही. सालईला डिंकासाठी खोल घाव घातले जातात. मुसळी बी पडण्यापूर्वीच खणली जाते. मोकळ्या झालेल्या जागेवर घाणेरी माजते आणि तिच्याखाली काही उगवत नाही.

अनुदानाची वाट

वनौषधींच्या संवर्धनासाठी केंद्र शासनाने २४ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. आज ते आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. मंडळाच्या योजनेखाली वनविभाग, संशोधन संस्था, विद्यापीठे व स्वयंसेवी संस्था प्रस्ताव सादर करतात. त्यांची छाननी होते आणि निवडलेल्या प्रकल्पांना ठरावीक मुदतीसाठी निधी मिळतो. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनाही या योजनेत स्थान आहे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम याच धर्तीचा असून, एका प्रकल्पास साधारणतः ५० हजार डॉलर ही त्याची परंपरागत मर्यादा आहे. थोडक्यात, रान सावरण्यासाठी मिळणारा बराच पैसा हा स्पर्धेचा पैसा आहे. ज्याचा प्रस्ताव उत्तम, त्यास निधी.

या पद्धतीला आमचा विरोध नाही. निधी मर्यादित असल्यावर निवड करावीच लागते, आणि ओळखीपेक्षा गुणवत्तेवर केलेली निवड केव्हाही बरी. आमचा प्रश्न इतकाच आहे की, ही गुणवत्ता कशाची मोजली जाते? प्रस्तावाची की रानाची?

येथे स्वतःची एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी वनौषधी-रोपणाच्या एका प्रस्तावाची प्रत सहमतिपत्रासाठी आमच्याकडे आली. भाषा सुबक होती, तक्ते नेटके होते, वनस्पतींची लॅटिन नावे बिनचूक होती. ती जागा न पाहता आणि तेथील गावाला न विचारता आम्ही स्वाक्षरी केली. मुदत संपल्यानंतर एका पावसाळ्यात तेथे जाण्याचा योग आला. फलक उभा होता. आवळ्याची रोपे मात्र बोटांवर मोजण्याइतकी उरली होती आणि बाकी जागा घाणेरीने व्यापली होती. जवळच्या ढाण्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांस शांतपणे विचारले, “डॉक्टरसाहेब, झाडं लावायच्या आधी आमाले कोनी इचारलं काय?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दोष केवळ प्रस्ताव लिहिणाऱ्याचा नव्हता. आमच्या स्वाक्षरीचाही होता.

पायविहीरचा धडा

याउलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सुमारे १९० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हे रान उजाड झालेले होते. ग्रामसभेने राखणीची जबाबदारी स्वतः घेतली. वृक्षतोड व मोकाट चराई यांवर निर्बंध घातले आणि रोजगार हमीच्या कामांतून मृद् व जलसंधारण केले. एका स्थानिक स्वयंसेवी संस्थेची साथ त्यांना होती. पुढे येथील सीताफळे गावाने स्वतः वेष्टनबद्ध करून मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली गावाच्या या कार्याचा राष्ट्रीय स्तरावरील जैवविविधता पुरस्काराने गौरव झाला.

यातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी हक्क, मग ग्रामसभेचा निर्णय, त्यानंतर निधी. पैसा आला तेव्हा तो स्वीकारणारे आणि तो संपल्यावरही रानात राहणारे लोक संघटित होते. प्रकल्पाची मुदत थोड्या वर्षांची असते. बीपासून वाढलेल्या रानआवळ्याला फळ धरण्यासच सहा-आठ वर्षे लागतात, आणि बिजाचा गाभा औषधयोग्य होण्यास कित्येक दशके जातात. अनुदान संपल्यानंतरचा हा सारा काळ केवळ गावच सांभाळू शकते.

परदेशातील एक नियम

आपले मंडळ स्थापन झाले त्याच २००० साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील वनांसाठी सहयोगी वनपुनरुज्जीवनाचा कायदा झाला. तेथेही निधी स्पर्धेनेच मिळतो. चार वर्षांसाठी कमाल ३ लाख ६० हजार डॉलर मिळतात आणि खर्चाचा पाचवा हिस्सा अन्य मार्गाने उभारावा लागतो. परंतु प्रस्तावामागे विविध हितसंबंधीयांचे प्रत्यक्ष सहकार्य असावे लागते, आणि कामाचे मूल्यमापन एकट्या अनुदानधारकाने नव्हे, तर सर्व पक्षांनी मिळून करावयाचे असते. तेथील पाइनची वने आणि आपले पानगळीचे रान यांत साम्य थोडे; परंतु हा नियम आपल्याकडेही उपयोगी पडावा.

आमच्या मते आपल्याकडील छाननीत तीन सुधारणा व्हाव्यात. पहिला अर्ज दोन पानी असावा, मराठीत स्वीकारला जावा आणि त्यानंतर जागेची पाहणी व्हावी. निवडलेल्या ग्रामसभेस सविस्तर प्रस्ताव तयार करण्यासाठी अल्प पूर्वतयारी निधी मिळावा. निधीचा काही भाग राखून ठेवून, मुदतीनंतरच्या संयुक्त पाहणीत जिवंत आढळलेल्या झाडांच्या प्रमाणात तो गावास द्यावा.

आपण काय करावे?

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे असते. आता आपल्याकडे वळू. वनस्पतींची नावे व रूपे जाणणाऱ्यांत चरकाचार्यांनी गुराखी, धनगर व वनात राहणाऱ्यांची गणना केली आहे. कल्पस्थानात औषध घेण्यास योग्य भूमी आणि काळ यांचा विचार आहे. म्हणजे ज्ञानाचा एक भाग कोरकू बांधवांजवळ आहे आणि दुसरा आपल्या ग्रंथांत. दोहोंची गाठ पडली तरच प्रस्तावात प्राण येईल.

अमरावतीचे विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आणि अकोल्याचे राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय येथील द्रव्यगुण विभागांनी एकेका ग्रामसभेबरोबर तिच्या रानातील वनौषधींची यादी करावी. कोणते द्रव्य केव्हा, कसे व किती काढावे, याचे संग्रहण-पंचांग गावासोबत बसून तयार करावे. मुसळी पाने वाळल्यावर खणून तिचा कोंब पुन्हा मातीत ठेवला, तर पुढील पावसाळ्यात ती उगवते. हे ग्रामसभेच्या नियमांत आले पाहिजे. रोपे व लागवडीच्या तंत्रासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान जवळच आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खरेदीची हमी. आपल्यापैकी दहा-वीस वैद्यांनी एकत्र येऊन, योग्य काळी काढलेला आवळा, बेहडा व मुसळी बाजारभावापेक्षा थोड्या अधिक दराने घेण्याचे ग्रामसभेस लेखी कळविले, तर ते पत्र आमच्या त्या आंधळ्या सहमतिपत्रापेक्षा अधिक मोलाचे ठरेल. अनुदान संपल्यावरही रान राखणे त्यामुळे गावास परवडेल.

जैवविविधता कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीने, जैविक संपत्ती घेण्यापूर्वी राज्य मंडळास सूचना देण्याच्या बंधनातून नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना वगळले आहे. कायद्याने आपला भार हलका केला. रानाचे ऋण मात्र त्याने फिटत नाही. यापुढे कोणताही वनौषधी-प्रस्ताव स्वाक्षरीसाठी आपल्यासमोर आला, तर प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने आधी ते रान पाहावे आणि गावास विचारावे, अशी आमची नम्र विनंती आहे. आम्ही तसे करण्याचे ठरविले आहे.